साथ आली तर आधी काय करायचे? 1896 नंतरच्या प्लेगमधल्या उपायांची तुलना

गावाचा किंवा प्रभागाचा साथरोग आराखडा लिहायला बसले की तेच पर्याय पुढे येतात. घरोघर तपासणी करायची, संशयितांना वेगळे ठेवायचे, वस्ती हलवायची, लस टोचायची की फवारणी करायची? पैसा आणि माणसे मोजकीच, त्यामुळे सगळे एकदम होत नाही. हे सारे उपाय एकाच रोगावर, एकाच मुलखात, दोन-तीन वर्षांच्या आत करून पाहिल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई, पुणे, कराची, कोल्हापूर, बडोदे, हुबळी-धारवाड अशा ठिकाणी वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी आणि लोकांनी आपापला मार्ग धरला. रोग तोच असल्याने तुलना सोपी जाते.

आधी रोगाची चाल लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर ठरते. गाठीचा ताप, म्हणजेच हा प्लेग, मुळात उंदरांचा. आजारी उंदराचे रक्त पिऊन पिसूच्या पोटात जंतू वाढतात. उंदीर मेला आणि अंग गार पडू लागले की पिसवा ते सोडतात आणि जवळ असेल त्याला, म्हणजे घरातल्या माणसाला, चावतात. चावा बहुधा पायाला, म्हणून गाठ बहुधा जांघेत. चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण 2 ते 6 दिवस, क्वचित आठवडा. पिसूचा हा भाग पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवला, पण तो सर्वमान्य व्हायला 1905 नंतर मुंबईत झालेले प्रयोग लागले. म्हणजे सुरुवातीची सगळी मोहीम माणूस, कपडे, घाण आणि हवा यांच्यावर संशय धरून चालली होती.

घरझडती: पुण्याचा मार्ग

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. फक्त चार कलमे. अधिकाऱ्याला तपासण्याचा, अडवण्याचा, वेगळे ठेवण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. लोकांचे काय देणे लागतो याबद्दल त्यात ओळ नाही. महाराष्ट्रात मार्च 2020 मध्ये हाच कायदा लागू केला होता, म्हणून आजही आराखडा लिहिणाऱ्याने तो एकदा वाचावा.

कायद्यामागे घाई होती ती व्यापाराची. युरोपातली बंदरे हिंदुस्थानचा माल आणि प्रवासी अडवतील ही भीती खरी होती. त्याच वर्षी हजची यात्रा थांबवावी लागली. त्यामुळे पुण्यात रोग किती आटोक्यात येतो याइतकेच कडक उपाय चालू आहेत हे दिसणे महत्त्वाचे ठरले. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली 893 अधिकारी आणि शिपाई दिले गेले. 13 मार्च ते 19 मे 1897 या काळात गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या गल्लीची दोन्ही तोंडे अडवून घरात शिरत. काख आणि जांघ तपासत, कधी बायकांचीसुद्धा उघड्यावर. रोगी इस्पितळात, घरातली बाकीची माणसे छावणीत, कपडे-अंथरुणे जाळायची, जमीन खणायची, भिंतींना चुना.

हिशेब पाहा. या काळात घरे दोन लाखांहून अधिक वेळा तपासली गेली. सापडलेले रोगी साडेतीनशेच्या आत. सहाशेहून अधिक झडत्यांमागे एक. ही झडती का फसली, याचे कारण सैनिकांच्या वर्तनापुरते नाही. ताप कळवला की घरच्यांचे नुकसान तीन प्रकारचे होई: रोगी डोळ्यांआड जाई, बाकीच्यांची मजुरी बुडे, आणि परत येईपर्यंत घर लुटलेले किंवा जाळपोळीत गेलेले असे. मग लोक आजारी माणसाला रात्रीतून नातेवाइकांकडे हलवत, म्हणजे पिसवांसकट नव्या घरी. प्रेते परसात पुरली जात. इस्पितळात पोचणारा रोगी अगदी शेवटच्या अवस्थेत पोचे, तिथेच मरे, आणि इस्पितळात गेला तो गेला हा समज पक्का होई. 22 जून 1897 रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उपाय त्याआधीच फसला होता.

मुंबईत हाच प्रयोग आधी झाला होता आणि महिन्याभरात मागे घ्यावा लागला होता. ऑक्टोबर 1896 च्या सुरुवातीला आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. स्नो यांना त्याहून मोठी चिंता सफाई कामगारांची होती. ते शहर सोडून गेले तर मैला कोण उचलणार? ही गोष्ट आजच्या आराखड्यातही अनेकदा सुटते. साथीत ज्यांच्यावर शहर चालते त्यांना सक्तीचा जाच झाला, तर उपाय राबवायला माणूसच उरत नाही.

जातवार, समाजवार इस्पितळे: मुंबईचा दुसरा मार्ग

हुकूम मागे घेतला तरी तपासण्या थांबल्या नाहीत. मार्च 1897 मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती आली. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या म्हणजे मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला हलवण्यावरून दंगल पेटली. त्यानंतर सक्तीचा सूर खाली आला आणि समाजांच्या खासगी इस्पितळांना अधिक वाव मिळाला. हिंदू, जैन, पारशी, खोजा अशी वेगळी इस्पितळे. पुण्यातही 1897 मध्ये टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ चालले होते.

जातीच्या भिंती इस्पितळातही उभ्या राहिल्या, हे यातले उणे आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. ज्या जातीकडे पैसा नाही तिला इस्पितळ नाही. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला चालवलेल्या दवाखान्याचे मोल इथे कळते: दुसरीकडे ज्यांना दार नव्हते ते रोगी तिथे आणले जात. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

उपाय म्हणून मात्र ही इस्पितळे झडतीपेक्षा सरस ठरली. नातेवाईक भेटू शकत, अन्न घरचे, वैद्य-डॉक्टर ओळखीचा, आणि मृत्यू झाला तर अंत्यविधी रीतीप्रमाणे. रोगी आधी येऊ लागला. आजच्या आराखड्यात याचा अनुवाद असा: विलगीकरण केंद्र वस्तीच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत, दिवसातून ठरलेल्या वेळी नातेवाइकांना काचेआडून किंवा अंतरावरून भेट, आणि रोजच्या मजुरीची भरपाई पहिल्याच दिवशी हातात. भरपाईची तरतूद नसेल तर केंद्रावरचा खर्च वाया जाण्याची तयारी ठेवा.

घर धुणे की घर सोडणे

निर्णयाचा खरा प्रश्न इथे आहे. मुंबई महापालिकेने घाणीवर हल्ला चढवला. समुद्राचे पाणी पंपाने ओढून त्यात कार्बोलिक ॲसिड मिसळून गटारे धुतली. घरांना चुना, पाऱ्याच्या क्षाराचे पाणी. छपरांची कौले काढून उजेड पाडला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांच्या खुणा केल्या. कष्ट प्रचंड, आणि त्यातले बरेच उलट फिरले. जंतुनाशक जंतूला मारते, बिळातल्या उंदराला नाही. पाण्याचा लोंढा गटारात सोडला की उंदीर शेजारच्या चाळीत चढतात. आज ज्या घरात साथ नाही तिथे उद्या आणून सोडायचा हा राजमार्ग.

गावकऱ्यांकडे याहून जुना उपाय होता: उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, माळावर झोपड्या घालायच्या. पिसूचा शोध लागण्यापूर्वीच हे चालत होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी या मार्गावर भर दिला आणि लोकांना शहराबाहेर झोपड्यांत हलवले. माणूस उंदरापासून आणि पिसवांपासून दूर गेला, बस. रोग्याला माणसांपासून तोडण्यापेक्षा माणसांना घरापासून तोडणे, हे या रोगात अधिक बरोबर होते, आणि गावकऱ्यांनी ते निरीक्षणाने ओळखले होते. आमच्या मते या सगळ्या काळातला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच.

पण तो चुकतो कुठे, हे नीट पाहिले पाहिजे.

वेळ. पहिला उंदीर मरतो त्याच आठवड्यात निघायचे. पहिला माणूस मरेपर्यंत थांबलात तर पिसवा अंथरुणात आलेल्या असतात आणि तुम्ही त्यांना सोबत घेऊन जाता. म्हणून गाठोडी बांधण्याआधी गोधड्या, कांबळी दुपारच्या कडक उन्हात तापलेल्या जमिनीवर पसरून उलटीपालटी करायची.

धान्य. पोती झोपडीत ठेवली की उंदीर मागोमाग येतात. एका आठवड्याचे दाणे झोपडीत, बाकी वेगळ्या जागी, जमिनीपासून उंच.

पाणी आणि शौच. माळावर गर्दी झाली, विहीर एकच आणि चर खणलेले नाहीत, तर प्लेग टळून पटकी (कॉलरा) येते. चर विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला.

चोरी. गाव रिकामे पडते. राखण न ठेवल्यास माणसे रात्री घरी झोपायला परत येतात, आणि मग सारी खटपट फुकट. राखणदाराने घरात झोपायचे नाही, चावडीच्या ओट्यावर किंवा उघड्यावर राहायचे.

पाऊस. दख्खनमध्ये कडक उन्हाळ्यात साथ ओसरते, पण पावसाळ्यात गळक्या झोपडीत कोणी टिकत नाही. छपरासाठी पत्रा किंवा ताडपत्री आधीच साठवलेली हवी.

शहरात हा उपाय जवळजवळ अशक्य. फेब्रुवारी 1897 पर्यंत मुंबईची जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली होती, पण ती माळावर गेली नाहीत. ती आगगाडीने गावोगाव गेली. ठरलेल्या जागी हलणे आणि वाट फुटेल तिकडे पांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1994 मध्ये सुरतेत लाखो लोक असेच पांगले. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडल्याचे आणि पिसवांचा त्रास झाल्याचे लोकांनी सांगितले होते. तक्रार वेळेत ऐकणारा माणूस नेमणे ही छावणीपेक्षा स्वस्त तयारी.

हाफकिनची लस

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली जंतू वाढवायचे, काही आठवड्यांनी सुमारे 70 अंशांवर तासभर तापवून मारायचे, वर कार्बोलिक घालायचे. बडोद्याजवळच्या उंधेरा गावी फेब्रुवारी 1898 मध्ये त्याच घरांतल्या माणसांत तुलना झाली: टोचलेल्या 71 पैकी 8 आजारी पडले, 3 मेले, न टोचलेल्या 64 पैकी 27 आजारी पडले, 26 मेले. त्याच वर्षी हुबळीकडे हजारोंनी टोचून घेतले. टोचल्याचा दाखला असलेल्याला छावणीतून सूट मिळे, हे प्रोत्साहन सक्तीपेक्षा चालले. आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, त्याचाही परिणाम झाला.

अडचणी: दंड सुजून एक-दोन दिवस ताप, म्हणजे मजुरी बुडाली, संरक्षण काही महिन्यांचेच, आणि आधीच लागण झालेल्याला उपयोग जवळजवळ नाही. साथ ऐन भरात असताना लस सुरू केली की टोचल्यावर मेलेल्यांची नावे गावभर फिरतात.

सगळ्यांत मोठा धडा पंजाबातल्या मुल्कोवालचा. 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना टोचले. एकाच बाटलीतून, क्रमांक 53-एन, टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे पुढे निघाले. दोष आधी प्रयोगशाळेवर आला. हाफकिन निलंबित झाले आणि 1907 मध्ये निर्दोष ठरले. लशीवरचा विश्वास मधल्या पाच वर्षांत गेला तो गेला. शिबिरात कुपीचा क्रमांक प्रत्येक नावासमोर लिहायचा ही सवय इतकी महत्त्वाची का, ते इथे कळते: मुल्कोवालात दोष एका बाटलीपुरता होता हे नोंदीमुळेच दाखवता आले.

कोणी काय निवडावे

खेड्यात उंदीर पडू लागले असतील तर क्रम असा. मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. आधी त्यावर आणि बिळांभोवती पिसूनाशक भुकटी, मग लांब चिमट्याने उचलून पिशवीत, नमुना जिल्हा आरोग्य विभागाकडे. उंदीर मारायची मोहीम पिसवा मारल्यानंतरच. आधी उंदीर मारले की पिसवा माणसांवर येतात, आणि ही चूक आजही होते. लोकांना हलवायचे ते त्याच दिवसांत. आज प्रतिजैविके आहेत, त्यामुळे तापाच्या माणसाला लपवण्याचे कारण उरू नये. संपर्कातल्यांना डॉक्टर 7 दिवसांचा औषधाचा क्रम देऊ शकतात.

दाट वस्तीच्या शहरात हलवणे सोडा. तिथे समाजाच्या माणसांमार्फत चालणारी लहान केंद्रे आणि भरपाई यांवर पैसा लावा. चाळी पाडून रुंद रस्ते करण्याचा मार्ग मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने 1898 पासून धरला, पण पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. तो दहा वर्षांचा उपाय आहे, साथीतला नव्हे.

खोकल्यातून पसरणारा फुप्फुसाचा प्लेग किंवा कोविडसारखा रोग असेल तर माळावरची गर्दीच घात करील. तिथे घरातच वेगळी खोली, मास्क आणि घरपोच शिधा. पटकीत घर सोडूनही विहीर तीच राहिली तर उपयोग शून्य.

गावी परतण्याचा दिवस आधी ठरवू नका. शेवटचा मेलेला उंदीर सापडल्यानंतर पिसवा रिकाम्या घरात काही आठवडे तग धरतात. दोन-तीन घरांत पांढरी चादर जमिनीवर पसरून तासाभराने पिसवा मोजा. एकही दिसली तर भुकटी पुन्हा मारून आणखी थांबा. घरे उघडताना आधी धान्याच्या खोल्या आणि गोठे, राहत्या खोल्या सर्वांत शेवटी.