‘ब्रीडिंग द स्पॉन’: आठ महिने ऐकल्यानंतर, खर्ज नसलेल्या एका अल्बमविषयी

हेडफोनची डावी बाजू मुकी झाली नसती, तर हा अभिप्राय मी चौथ्या महिन्यातच लिहून मोकळा झालो असतो आणि तो पुष्कळ कडवट झाला असता. सफोकेशन या न्यूयॉर्कच्या डेथ मेटल बँडच्या १९९३ सालच्या या दुसऱ्या अल्बमची सीडी मी पदरचे पैसे मोडून घेतली होती. स्ट्रीमिंगवर तोच अल्बम ऐकता येत असताना सीडी घेण्याचा हट्ट माझाच होता, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात झालेल्या अपेक्षाभंगाचा राग कोणावर काढावा, हेही कळेना.

या बँडचे श्रोते ज्या एका मुद्द्यावरून, म्हणजे या अल्बमच्या ध्वनिमुद्रणावरून, इतकी वर्षे भांडत आले आहेत तो सर्वांना ठाऊक आहे, पण त्याखेरीज पुढे जाता येत नाही. १९९१चा त्यांचा पहिला अल्बम ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ फ्लोरिडातल्या टँपा येथील मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माते स्कॉट बर्न्स यांच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला आणि ब्रुटल डेथ मेटल, म्हणजे डेथ मेटलचा सर्वांत जड व आक्रमक प्रकार, कसा ऐकू यावा याचा वस्तुपाठ ठरला. दुसऱ्या खेपेस पुरेसा पैसा मिळाला नाही, मॉरिसाउंड हुकले आणि न्यूयॉर्कच्या या मंडळींनी घराजवळच काम उरकले. पैशाची ही चणचण अल्बममध्ये पहिल्या मिनिटापासून ऐकू येते. गिटारला खर्जच नाही. टेरन्स हॉब्ज आणि डग सेरिटो यांच्या गिटारी तळव्याने तारा दाबून तुटक, जड आघात करू लागतात तेव्हा छातीवर जो धक्का बसायला हवा, तो इथे बसत नाही. रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर कोणी निष्ठेने हातोडा चालवावा, तसे काहीसे वाटते.

खर्जाच्या या अभावाने मला पहिले तीन महिने अक्षरशः पछाडले. गायक फ्रँक मलन यांचा ग्राउल, म्हणजे घशातून काढलेला गुरगुराट, कसा आहे, माइक स्मिथ यांचे ड्रमवादन किती अवघड आहे, डॅन सीग्रेव्ह यांचे मुखपृष्ठ पहिल्या अल्बमच्या तोडीचे आहे की नाही, यांतल्या कशाकडेही माझे धड लक्ष नव्हते. मी आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्या कमीजास्त करणारा इक्वलायझर उघडून बसत असे. खालच्या पट्ट्या थोड्या वर चढवल्या की क्रिस रिचर्ड्स यांचा बास फुगत असे. आणखी चढवल्या की बास आणि पायाचा ड्रम एकमेकांत कालवले जाऊन नुसती घरघर उरत असे. गिटार मात्र होती तिथेच राही. जे मुळात मुद्रितच झालेले नाही ते बटण फिरवून आणता येत नाही, ही साधी गोष्ट मान्य करायला मला पुष्कळ संध्याकाळी खर्चाव्या लागल्या. या एका अल्बमपायी नवा अँप्लिफायर घ्यावा की काय, असाही विचार एकदा मनात आला होता. सुदैवाने हात आखडता घेण्याची सवय अशा वेळी कामी येते.

मग हेडफोनची डावी बाजू गेली. सेवाकेंद्रातल्या माणसाने वायर दोन बोटांत धरून वाकवली, ती आतून तुटल्याचे सांगितले आणि वायरीला वॉरंटी लागू नसते, असे त्याच शांतपणे बजावले. वायर हा हेडफोनचा भाग नसेल तर कशाचा आहे, या माझ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. मी हेडफोन उचलून परत आलो आणि दुरुस्तीचे पैसे द्यायचे नाहीत असे ठरवून माळ्यावरचे जुने लहान स्पीकर खाली काढले. त्यांतून खर्ज असा येतच नाही. बातम्या ऐकायला बरे, इतकीच त्यांची लायकी.

त्यांवर आधी ‘एफिजी’ लावला, तर तो केविलवाणा झाला. ज्या वजनावर तो उभा आहे तेच निघून गेल्यावर नुसती चरचर उरली. त्यानंतर, केवळ वैतागातून, ‘ब्रीडिंग द स्पॉन’ लावला. त्याचे काहीच बिघडले नाही, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखा खर्ज नव्हताच. उलट हेडफोनवर मला जी पोकळी टोचत होती ती इथे नाहीशी झाली आणि तिच्यामागे इतके दिवस झाकलेले काम दिसू लागले. दोन्ही गिटारी एकाच रिफवरून, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीवरून, कशा वेगळ्या होतात, बास त्यांच्या सावलीत न राहता स्वतःची वाट कशी काढतो, ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान ठेका, ऐन भरात असताना स्मिथ हात किंचित मोकळा सोडून झांजेवर एक जादा आघात कसा टाकतात आणि तरीही बरोबर समेवर कसे येतात, हे सारे मला चौथ्या महिन्यात प्रथमच ऐकू आले. ‘एपिटाफ ऑफ द क्रेड्युलस’ हे गाणे तोवर मी सरसकट पुढे ढकलत असे. त्या आठवड्यात तेच सर्वाधिक वेळा वाजले.

माझा भाचा ड्रम शिकतो. त्याने हा अल्बम ‘एफिजी’च्या आधी ऐकला होता, आणि त्याला यात दोष असल्याचे मुळी ठाऊकच नव्हते. “मामा, ते खोलीत सराव करताहेत आणि आपण दाराशी उभे आहोत, असं वाटतं. ‘एफिजी’मध्ये ड्रम इतके खरे वाटत नाहीत,” असे तो म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला, पण मनातून तो मला पटला होता. या अल्बमविषयी जी टोकाची मते आढळतात, त्यांतली निम्मी तरी हा बँड कोणत्या क्रमाने कानांवर पडला यावरून ठरत असावीत. पहिल्या अल्बमकडून आलेल्याला इथे काय नाही ते आधी ऐकू येते. थेट इथेच आलेल्याला जे आहे ते ऐकू येते.

माझ्या एका मित्राचे मत मात्र या दोन्हींत बसत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ध्वनिमुद्रण ही केवळ सबब आहे. मूळ रचनाच इतक्या दाटीवाटीने रचलेल्या आहेत की स्कॉट बर्न्स यांनी हात लावला असता तरी त्या लक्षात राहिल्या नसत्या. या आक्षेपाची परीक्षा घेता येते, कारण बँडने ती सोय स्वतःच करून ठेवली आहे. शीर्षकगीत त्यांनी १९९५च्या ‘पिअर्स्ड फ्रॉम विदिन’साठी मॉरिसाउंडमध्ये पुन्हा मुद्रित केले. पुढे २००६ साली ‘प्रिल्यूड टू रिपल्शन’, २००९ साली ‘मॅरिटल डेसिमेशन’, २०१३ साली ‘बिगिनिंग ऑफ सॉरो’, २०१७ साली ‘एपिटाफ’ आणि २०२३ साली ‘इग्नोरंट डेप्रिव्हेशन’, अशी आठांपैकी सहा गाणी त्यांनी नंतरच्या अल्बमांत एकेक करून नव्याने वाजवली. ध्वनीविषयी तक्रार करणाऱ्यांची बाजू खुद्द कलाकारांनी इतक्या चिकाटीने उचलून धरल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

१९९५चे शीर्षकगीत ऐकल्यावर मित्राचा आक्षेप टिकत नाही. रचना तीच, पण गिटारला वजन आले की दाटी जाचक वाटत नाही, आणि वेग मोडून जड ठेका सुरू होतो ती जागा दुसऱ्या ऐकण्यातच पाठ होते. तिथे ड्रमवर स्मिथ नसून डग बोन आहेत आणि त्यांचे वादन अधिक नेटके आहे. २००९च्या ‘मॅरिटल डेसिमेशन’वर स्मिथ परतलेले आहेत, तरीही मी जुन्याकडेच वळलो. नव्यात पायाचा प्रत्येक आघात सारख्याच ताकदीचा भासतो. जुन्यात माणूस दमतो आहे, पुन्हा जोर धरतो आहे, हे कळते. हे लिहिताना मी भाच्याचेच वाक्य लांबवून लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

तरीही या ध्वनीला ‘प्रामाणिक’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. तो कोणी हौसेने निवडलेला ध्वनी नव्हता. पैसे कमी पडल्यावर जे हाती लागले ते हे आहे, आणि निवडीचे गोडवे गाणे वेगळे, तुटवड्याचे गाणे वेगळे. चांगल्या हेडफोनवर हा अल्बम अजूनही उघडा पडतो. सातव्या महिन्यात मी अखेर वायर दुरुस्त करून घेतली, सेवाकेंद्रात नव्हे, आणि तिथल्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात. पहिल्याच संध्याकाळी तो पत्र्याचा डबा जसाच्या तसा परत आला. आता हेडफोनवर ‘पिअर्स्ड फ्रॉम विदिन’ आणि स्पीकरवर ‘ब्रीडिंग द स्पॉन’, अशी वाटणी झाली आहे, आणि स्पीकर माळ्यावर परत ठेवलेले नाहीत.

‘अनॉमलिस्टिक ऑफरिंग्ज’ आणि ‘ऑर्नमेंट्स ऑफ डिक्रेपन्सी’ ही दोन गाणी २०२३च्या अल्बमपर्यंत तरी नव्याने आलेली नव्हती. सुरुवातीच्या महिन्यांत मी त्यांची पाळी कधी येते याचा हिशेब मांडत असे. आता ती आहेत तशीच राहू दिली तर माझी हरकत नाही.