रात्रशाळा की साक्षरता मोहीम?

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी पाटी घेऊन बसतो, हीच कल्पना पुढे मुंबईच्या रात्रशाळांत रुजली. हॉटेलात काम करणारा मुलगा, घरकाम करणारी बाई इथून दहावीपर्यंत पोचते. हाती प्रमाणपत्र येतं, नोकरी बदलता येते. पण वर्षं लागतात, गळतीही होते. शिवाय बदल घडतो तो एकेका घरात.

मोहिमेची तऱ्हा वेगळी. राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 मध्ये सुरू झालं, भर 15 ते 35 वयोगटावर. शिकवणारे स्वयंसेवक, वर्ग ओटीवर नाहीतर देवळात. काही महिन्यांत सही आणि जेमतेम वाचन येतं, आणि सराव सुटला की तेही विसरतं. एवढ्यावरून तोलायचं तर रात्रशाळा सरळ जिंकते.

पण आंध्रातलं नेल्लोर आठवा. तिथल्या साक्षरता मोहिमेच्या वाचन-पुस्तकातल्या दारूवरच्या धड्यानं बायका बोलू लागल्या. 1992 मध्ये त्यांनी गावोगावी अरकाची, म्हणजे स्वस्त गावठी दारूची, दुकानं बंद पाडली, त्या दुकानांच्या परवान्यांचे लिलाव रोखले. 1993 मध्ये राज्यभर अरकावर बंदी आली, 1995 मध्ये सरसकट दारूबंदी. (1997 मध्ये ती सैल झाली, हेही खरं.) त्यातल्या कित्येकींना धड जोडाक्षरं येत नसतील; एकत्र बसायची जागा मात्र वर्गानं दिली होती.

म्हणून पगार वाढवायचा असेल, तर रात्रशाळा. गुत्ता हटवायचा असेल, तर मी मोहिमेच्या बाजूनं.