उधळ्या पुत्राचं चित्र मागवताय? मोठा भाऊ आहे का ते आधी बघा

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या उधळ्या पुत्राच्या चित्राची कॅनव्हास प्रिंट आमच्या बायबल अभ्यासाच्या खोलीसाठी ऑनलाइन मागवली. उधळ्या पुत्र हा येशूने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा: धाकटा मुलगा आपल्या वाट्याची संपत्ती उधळून कंगाल होऊन घरी परततो आणि बाप त्याला मिठी मारतो. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण हा घोळ त्या एकट्याचा नाही. पाचपैकी तीन तारे. पॅकिंग मात्र भक्कम होतं, कोपरे शाबूत आले.

आधी चांगलं सांगते. बापाचे हात सुरेख उतरलेत. एक रुंद, कष्टाचा वाटतो, दुसरा नाजूक. एक हात बापाचा आणि एक आईचा, असं बरेच जण समजावून सांगतात. मला त्या अर्थापेक्षा हात ठेवण्याची पद्धत जास्त भावते. मुलाला धरून ठेवलेलं नाही, ओढलेलं नाही, पाठीवर नुसते टेकवलेत.

खाली मुलाचे पाय बघा. डावा जोडा निसटलाय, उघडा तळवा सरळ आपल्याकडे. उजव्या जोड्याची टाच गेलेली. डोकं भादरलेलं, अंगावर चिंध्या. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १५व्या अध्यायात हा दाखला आहे, तिथे बाप चाकरांना सांगतो, उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. चित्रात यातलं काहीच अजून आलेलं नाही. अंघोळ नाही, कपडे नाहीत, पैशाचा हिशेब तर नाहीच, आणि मिठी मात्र मारून झाली. मुलानं येताना मनात जुळवलेलं वाक्य होतं, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. बापापुढे तो तिथवर पोचतच नाही. बाप मध्येच चाकरांना हाका मारायला लागतो. देवाच्या दयेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण आधी मिठी आणि मग बाकीचं हा क्रम इतका स्पष्ट कुणी मांडला नव्हता. (दाखल्यातला बाप धावत सुटतो, रेम्ब्रांटचा बाप जागेवर उभा आहे. म्हातारा आहे, दमला असेल, असं मी स्वतःला समजावते.)

आता तक्रार. मूळ चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, सुमारे २६२ सेंटिमीटर उंच आणि २०५ रुंद. म्हणजे उंची ६० ठेवली तर रुंदी ४७ च्या आसपास हवी. मला आलेली प्रिंट ४० बाय ६० ची. उरलेले सात सेंटिमीटर उजवीकडून छाटलेत, आणि उजवीकडेच तर मोठा भाऊ उभा आहे! लाल झग्यातला, ताठ, हात पुढे जुळवलेले. माझ्या प्रिंटमध्ये त्याचा चेहरा कडेवर अर्धा कापला गेलाय. बाप-लेकांपुरत्या कापलेल्या चौरस प्रिंटमध्ये तर तेवढे दोघेच उरतात. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं, 'मॅडम, मेन दोघं तर आलेत ना?'

नाही आले. दाखला सांगायचं कारणच तो तिसरा आहे. जकातदार आणि पापी लोक येशूजवळ येत होते, तो त्यांच्याबरोबर जेवत होता, म्हणून परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारे) आणि शास्त्री कुरकुरत होते. त्या कुरकुरणाऱ्यांना ही गोष्ट सांगितली आहे. मोठा मुलगा शेतातून येतो, घरातलं गाणंबजावणं ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. मग बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची समजूत घालतो, त्याला बाळा म्हणतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे म्हणतो. उधळलेल्यासाठी एकदा बाहेर, फुगून बसलेल्यासाठी पुन्हा एकदा बाहेर. पुढे तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

मी घरात थोरली. आईबाबांची औषधं, बिलं, पाहुणे, सगळं माझ्याकडे. धाकटा वर्षातून एकदा उगवतो आणि घरात सण होतो. देव पाप्यांवर प्रीती करतो, हे ऐकताना मी अनेक वर्षं मान डोलावली, पण ती प्रीती धाकट्यासारख्यांसाठी असते असंच वाटायचं. वर्षानुवर्षं नियम पाळून आतून आंबलेल्या माणसालाही तीच दया लागते, आणि ती त्याच्यासाठीही अंगणात येऊन उभी राहते, हे त्या लाल झग्याकडे बघून लक्षात येतं. दाखल्यात मोठा भाऊ मिठीच्या वेळी तिथे नसतो. चित्रकाराने त्याला मुद्दाम आणून उभं केलंय, त्याच्यावर उजेडही टाकलाय. आणि छापणारे नेमकं त्यालाच कापतात.

छपाईबद्दल थोडकं. बापाचा लाल शेला जरा भडक आलाय. मागच्या अंधारात आणखी माणसं आहेत, ती माझ्या प्रिंटमध्ये काळ्यात बुडाली. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, खिडकीसमोर लावलं की फक्त खिडकी दिसते, मॅट घ्या.

घेणार असाल तर ४७ बाय ६० किंवा त्याच प्रमाणातला मोठा आकार मागवा, ऑर्डर देण्याआधी पूर्ण प्रिंटचा फोटो मागा आणि उजवी कड तपासा. कॅनव्हास चौकटीवर ताणताना कडेचे दोनेक सेंटिमीटर मागे दुमडले जातात, तेव्हा चारही बाजूंना कोरी पट्टी सोडायला सांगा.