लाल किल्ल्यातील नेताजी संग्रहालय, कॅप्टन लक्ष्मींच्या निमित्ताने

कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना मनात ठेवून दिल्लीच्या लाल किल्ल्यातील नेताजी सुभाषचंद्र बोस संग्रहालय पाहिले, की तेथील आझाद हिंद सेनेचे गणवेश आणि पदके निराळीच भासू लागतात. १९४३ मध्ये सिंगापुरातील दवाखाना सोडून या डॉक्टरबाईंनी झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीचे नेतृत्व केले, आणि पुढे त्यांचे पती झालेले याच सेनेतील अधिकारी प्रेम सहगल यांच्यावरील १९४५चा खटला याच किल्ल्यात चालला. ब्रिटिशकालीन बराकीतील ही मांडणी नेताजींभोवती फिरते, ते रास्तच. म्हणून कानपुरात नव्वदीनंतरही रुग्ण तपासणाऱ्या आणि २००२ मध्ये संख्याबळ प्रतिकूल असताना कलामांविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिलेल्या लक्ष्मींविषयी आधी वाचून जावे. सोमवारी किल्ला बंद असतो.