वेल्डिंगच्या धुराची तपासणी करून घेतली, अनुभव लिहितोय

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, नऊ वेल्डर, निम्म्याहून जास्त काम एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं). मागच्या महिन्यात एका लॅबकडून धुरातल्या धातूंची तपासणी केली. लॅबचं नाव देत नाही कारण तक्रारपण आहे, पण काम कसं करतात ते कळू दे.

आधी दुसरी एजन्सी यायची, ते मशीन कोपऱ्यात स्टँडवर ठेवायचे, सगळं ओके असा रिपोर्ट द्यायचे आणि आम्हीपण तो फाईलला लावून मोकळे. ह्या पोरांनी मात्र वेल्डरच्या पट्ट्याला छोटा पंप अडकवला, नळी पाठीवरून खांद्यावर घेतली आणि फिल्टरची डबी थेट हेल्मेटच्या आत, नाकाजवळ. मिनिटाला २ लिटर हवा खेचतो तो पंप, पूर्ण शिफ्टभर, आणि मधून मधून येऊन फ्लो बघत होते. माणूस श्वास घेतो तिथलं मोजलं, हेच मला सगळ्यात आवडलं.

रिपोर्ट बघून पोटात गोळा आला. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये मँगनीजच्या धुराला घनमीटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा होती, त्यात सगळे पास, पण अमेरिकेतल्या एसीजीआयएच ह्या कामगार-आरोग्याच्या संस्थेची ०.१ आहे आणि आमचे दोघं तिच्या वर. हे मँगनीज वर्षानुवर्षं अंगात गेलं की हात थरथरतात, चाल बिघडते. आमच्याकडे अजून गूळ खाल्ला की धूर उतरतो असं म्हणतात, अरे गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. २०१७ मध्येच आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, हा वेल्डिंगचा धूर कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलाय.

एसएसमध्ये क्रोमियम असतं, म्हणून एसएसच्या रॉडने वेल्डिंग करणाऱ्यांची क्रोमियमसाठी लघवीपण तपासली. सॅम्पल बुधवारी शिफ्ट सुटताना घेतलं, कारण गुरुवारी आपल्याकडे सुट्टी, म्हणजे आठवड्याचं साठलेलं त्यात दिसतं, शुक्रवारी सकाळी घेतलं असतं तर आकडा उगाच कमी आला असता.

आता तक्रार. सॅम्पलआधी हात धुवा, कपडे बदला हे कुणी सांगितलंच नाही, एक पोरगा ग्राइंडिंगवरून तसाच गेला, त्याचा आकडा इतका वर आला की बिचारा रात्रभर झोपला नाही. पुन्हा टेस्ट केली तर बाकीच्यांइतकाच निघाला, आणि त्याचेही पैसे घेतले, हे पटलं नाही. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, ज्याची छाती आहे त्यालाच वाचता येत नाही, शेवटी मीच एकेकाला बसवून मराठी-हिंदीत समजावलं.

पण त्या दोघांचं मँगनीज वर का गेलं ते कारण त्यांनीच शोधून दिलं, सक्शनचं हूड डोक्यावर होतं त्यामुळे धूर तोंडासमोरूनच वर जायचा. आता पाईप बाजूने आर्कजवळ आणलाय, पुढच्या महिन्यात त्याच दोघांना परत पंप लावणार.

चार स्टार देतो. कुणाला बोलवाल तर फोनवरच विचारा, डबी हेल्मेटच्या आत लावणार का.