पहिला व्यवहार खरा होता, म्हणून दुसऱ्यात २१,००० गेले

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटरी जळल्या की कास्तकार माझ्याकडे घेऊन येतात. हे आधीच सांगून राहिलो कारण पुढचं वाचून वाटेल की याला माल पारखता येत नसेल. तसं नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अल्युमिनियमची तार शुद्ध तांबं म्हणून विकणारे आमच्या धंद्यात कायम भेटतात, ब्लेडनं जरासं खरवडलं की आतून पांढरं निघते, आणि पंधरा वर्षांत त्या तारेत मी एकदाही फसलो नाही. तरी मागच्या हिवाळ्यात २१,००० रुपयाला फसलो. लेगोमध्ये.

हो, त्याच पोरांच्या खेळण्यातल्या, एकमेकीत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा. मी ४१ वर्षांचा आहे. पोरीच्या वाढदिवसाला पुण्याच्या मावसभावानं एक डबा आणला होता, पोरीचं मन दोन दिवसात भरलं आणि मी मात्र रात्री एक-एक वाजेपर्यंत बसू लागलो. दिवसभर जळक्या वार्निशच्या वासात काम केल्यावर रात्री त्या विटा एकमेकीत टक करून बसल्या की डोकं शांत व्हायचं, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. डेन्मार्कमधलं बिलुंड हे छोटं गाव, तिथं १९३२ मध्ये एका सुतारानं लाकडी खेळणी करायला सुरुवात केली आणि त्यातून ही कंपनी झाली. आज आपण जी वीट बघतो तिचं पेटंट जानेवारी १९५८ चं आहे आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बरोबर बसते. मोटरचा एखादा पार्ट पाच वर्षांनी बाजारात मिळत नाही, इथं पासष्टहून जास्त वर्षं एकच माप, मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटते.

पण गावात हे बोलायचं कोणाजवळ? बायको समजून घेते, पण तिला त्यात गोडी नाही. दुकानात बसलेले लोक विचारतात, "भाऊ, हे पोट्ट्याइचं खेळणं तुमी काहून घेऊन बसले?" वाईट मनानं नाही विचारत, पण उत्तर काय द्यावं ते कळत नाही. म्हणून फोनवरच्या एका ग्रुपात शिरलो, जुने सेट, म्हणजे एकेक वस्तू बनवायचे विटांचे पूर्ण डबे, विकणं-घेणं चालायचं तिथं, आणि तिथंच तो भेटला. नाव लिहीत नाही, कारण जे सांगितलं होतं ते त्याचं खरं नाव नव्हतंच.

आता मला पाहिजे काय होतं ते सांगतो. मला आमची शकुंतला बनवायची आहे. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ती नॅरोगेज गाडी, आता बंद पडली, रुळात बाभळी उगवल्या आहेत. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. मी तेव्हा दहा वर्षांचा, आजा मला मुद्दाम इंजिन पाहायला दारव्ह्याच्या स्टेशनवर न्यायचा. ते काळं इंजिन, त्याची चाकं जोडणारा तो दांडा पुढेमागे होताना, हे मला विटांत करायचं आहे. त्यासाठी लेगोची मोठी इंजिनाची चाकं लागतात, आणि मला चाकांसोबत एक तयार वाफेचं इंजिन उलगडून शिकायचंही होतं. त्यासाठी सगळ्यात नावाजलेला सेट म्हणजे एमराल्ड नाइट, नंबर १०१९४, २००९ साली आलेला, १,०८५ पीसचं हिरवं इंजिन आणि त्यामागचा रेल्वेचा डबा. कंपनीनं तो बंद करून बरीच वर्षं झाली, म्हणजे दुसऱ्याकडूनच घ्यावा लागते. बंद पडलेले सेट असेही महागच जातात, त्यात आपल्याकडं २०२० च्या बजेटात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, म्हणून नवे सेटही परवडत नाहीत. माझ्यासारखा माणूस मग सेकंडहँडकडेच वळते.

त्याच्याशी पहिला व्यवहार सुट्या चाकांचा आणि रुळाच्या काही पट्ट्यांचा होता, १,४०० रुपये. माल चार दिवसात आला, कागदात एकेक नीट गुंडाळलेला, एक पट्टी थोडी घासलेली होती तर त्यानं आधीच फोटोत बाण करून दाखवलं होतं. सगळं ओरिजिनल. आणि सोबत फुकटात एक छोटा गाडीवाला माणूस ठेवलेला, "दादा, पोरीसाठी." पोरीचं मी बोलता बोलता सांगितलं होतं, त्यानं लक्षात ठेवलं.

त्यानंतर दोन महिने आम्ही जवळपास रोज बोललो. तो नागपूरकडचाच आहे म्हणायचा, बोलायचाही आपल्यासारखंच, "काय करून राहिले दादा?" त्याला सगळं माहीत होतं. ताजमहालचा सेट पहिल्यांदा २००८ मध्ये आला, मग त्याच्या किमती किती चढल्या, २०१७ मध्ये कंपनीनं तोच पुन्हा काढला आणि भाव कसे खाली आले, हे त्यानं मला एका रात्री तासभर समजावलं. माझ्या शकुंतलाचे कच्चे फोटो पाठवले की बॉयलर गोल कसा करायचा ते सांगायचा, आणि बरोबर सांगायचा. माझी चूक इथं आहे, मी मनापासून सांगतो. त्याला लेगो कळते म्हणजे तो चांगला माणूस आहे असं मी धरून चाललो. गावात ज्या विषयावर एका माणसाशी बोलता येत नाही त्या विषयावर कोणी दोन महिने प्रेमानं बोललं की माणूस त्याला आपलाच समजते.

डिसेंबरात त्याचा मेसेज आला, एमराल्ड नाइट आहे, वापरलेला पण पूर्ण, जोडणीच्या पुस्तकांसकट, पैशाची अडचण आहे म्हणून देऊन राहिलो, २१,०००. हे लक्षात घ्या की भाव पडेल नव्हता. आठ-दहा हजार म्हटला असता तर मी तिथंच थांबलो असतो. एवढ्याच भावात बाकीचेही विकत होते. मी फोटो मागितला, आजची तारीख चिठ्ठीवर लिहून इंजिनाजवळ ठेव म्हटलं, अर्ध्या तासात फोटो आला. अजून दोन जण मागून राहिले म्हणे, पण "तुमच्या शकुंतलासाठी तुमालेच द्यायचा हाय." हंगाम चांगला चालला होता, हरभऱ्याचं पाणी सुरू, रात्रीच्या लाइनीवर व्होल्टेज कमी, रोज तीन-चार मोटरी जळून यायच्या, हातात पैसे होते. यूपीआयवर पैसे टाकताना नाव एका बाईचं दिसलं. विचारलं. "मिसेसचं अकाउंट हाय दादा." मी टाकले. पूर्ण २१,०००, एकदम.

पार्सल आलं. डबा फोडतानाचा व्हिडिओ मी काढला, तेवढं सुचलं, पण पिशव्या वर दिसल्या, पुस्तकं दिसली तिथंच बंद केला. आतले पीस मोजताना काढला नाही. हा व्हिडिओ पुढे काहीच कामाचा राहिला नाही.

वरच्या दोन पिशव्या खऱ्या होत्या. सेटमधली छोटी माणसं खरी, दिसणारे हिरवे पीस खरे. तिसरी पिशवी मी रात्री उघडली आणि दोन विटा जोडल्या तर टक असा आवाजच आला नाही. नुसत्या घसरल्या. सुटताना एक तपकिरी पट्टी मधून तुटली. त्याला कळवलं तर म्हणे जुना माल आहे दादा, त्या काळातले ब्राउन ठिसूळ होतातच. आणि हे खरं आहे, हॉबीतला प्रत्येक जण सांगेल की त्या वर्षांतले तपकिरी पीस तडकतात. म्हणून अजून चार दिवस मी गप्प बसलो. खरी माहिती वापरून तो खोटं झाकत होता, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी दुकानातून मायक्रोमीटर घरी आणला, तारेचा गेज मोजायचा. खऱ्या विटेवरचे जे गोल दाणे असतात, स्टड म्हणतात त्यांना, त्या प्रत्येकावर बारीक अक्षरात लेगो कोरलेलं असते, साध्या विटेत एकही दाणा सुटत नाही. ते मला माहीत होतं पण काळ्या पिसावर साध्या बल्बात दिसत नाही. मोबाइलची टॉर्च आडवी धरली, म्हणजे उजेड वरून नाही तर बाजूनं पडला पाहिजे, तेव्हा सावलीनं अक्षरं उठून येतात. पोरगी टॉर्च धरून बसली आणि मी एकेक पीस फिरवत गेलो. कोरा. कोरा. अक्षर. कोरा. बॉयलरच्या आतला, बाहेरून न दिसणारा जवळपास सगळा सांगाडा कोरा. दोन दाण्याच्या खऱ्या विटेची रुंदी १५.८ मिलिमीटर भरते, मी माझ्या जुन्या सेटमधल्या दहा घेतल्या तर दहाही तेवढ्याच. पार्सलमधल्या विटा मोजल्या तर एक १५.७, दुसरी १५.९, आणि एकीचंच हे टोक वेगळं न् ते टोक वेगळं. मग पकड येणार कुठून? विटेच्या पोटात बारीक साच्याचा नंबर असते, तोही त्यांत नव्हता. पोरगी म्हणाली, "बाबा, पुरे आता," कारण रात्रीचे दोन वाजले होते. १,०८५ पैकी ३९७ खरे निघाले. मोठी चाकं, ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ती नकली.

इथं एक सांगतो, दुसऱ्या कंपनीच्या विटा घेणं गुन्हा आहे असं माझं म्हणणं नाही. मूळ पेटंट कधीचंच संपलं, २०१० मध्ये तर युरोपच्या कोर्टानं स्पष्ट सांगितलं की साध्या विटेच्या आकारावर कंपनीला ट्रेडमार्क घेता येणार नाही. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या डब्यात कोणी विकत असेल तर खुशाल घ्या. राग आहे तो ओरिजिनल सांगून, ओरिजिनलचे पैसे घेऊन, वर खरा थर पसरून खाली नकली भरणाऱ्याचा. हरभऱ्याच्या पोत्यात वर चांगला दाणा आणि खाली माती, यातला प्रकार.

मी फोटो पाठवले, त्यानं पाहिले, दोन निळ्या खुणा आल्या, आणि नंतर नंबर बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. आधी करायला पाहिजे होता. ऑनलाइन पैसे गेले की जेवढ्या लवकर तिथं कळवाल तेवढी समोरच्या खात्यातले पैसे अडकवायची शक्यता जास्त, माझे तोपर्यंत सतरा दिवस झाले होते. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला, तो यूपीआयच्या हिस्ट्रीत असते, स्क्रीनशॉट जपून ठेवा. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली आणि ठाण्यातही गेलो. तिथं पहिला प्रश्न आला, "वस्तू तर मिळाली ना तुले?" मी म्हटलं मिळाली पण खोटी आहे. मग तो तुमचा आपसातला वाद झाला म्हणे. या प्रश्नासाठीच तो माल पाठवत होता, हे मला ठाण्याच्या बाकावर बसून समजलं. रिकामा डबा पाठवला असता तर ती सरळ फसवणूक होती. अर्धा खरा माल पाठवला की पोलिसाला प्लास्टिकची वीट खरी का खोटी हे समजावत बसा. मी दोन विटा आणि मायक्रोमीटर घेऊन परत गेलो, टेबलावर मोजून दाखवलं, तेव्हा त्या जमादारानं अर्ज घेतला. पुढे कळलं की खातं दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजच्या पोरीच्या नावावर आहे आणि पैसे त्याच दिवशी निघून गेले होते. आजपर्यंत एक रुपया आला नाही.

ग्रुपात लिहिलं तर तिघं पुढे आले. तिघांसोबत हेच, आधी छोटा खरा व्यवहार, फुकटची एखादी वस्तू, मग महिना-दोन महिने गप्पा. एक जण अकोल्याकडचा, त्याचे ३४,००० गेले आणि त्यानं घरी अजून सांगितलं नाही. मी बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पयलेच सांगायचं होतं ना, मी नाव इचारलं असतं त्या बाईचं."

आता मी जुना सेट घेताना फोटोवर जात नाही. व्हिडिओ कॉल लावतो आणि मी म्हणेन तो पीस आतून काढून टॉर्चमध्ये दाखव म्हणतो, बॉयलर उघड, खालची वीट काढ, दाणा दाखव. ज्याच्याजवळ खरं आहे तो कुरकुरत का होईना दाखवते. खात्यावरचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव वेगळं असलं तर मी तिथंच सोडतो, मिसेस असो की भाऊ. पार्सल आलं की वजनाच्या स्लिपपासून शेवटच्या पिशवीपर्यंत एकच व्हिडिओ, मध्ये बंद न करता, पोरगी धरते मोबाइल. आणि जमेल तर स्वतः जाऊन घेतो, मागच्या महिन्यात अमरावतीला एसटीनं जाऊन दोन किलो सुटे पीस आणले, त्या माणसाच्या घरी सतरंजीवर बसून दोघांनी मिळून तपासले, चहा झाला, दुपार गेली.

३९७ खरे पीस मी वेगळे ठेवले आहेत, त्यातले हिरवे सोडून बाकीचे शकुंतलाला लावतो आहे. चाकं अजून मिळायची आहेत.

तो मात्र थांबला नसणार. त्यानं मला पाठवलेला फोटो असा आहे: हिरवं इंजिन, खाली पिवळ्या फुलांचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ, डाव्या कोपऱ्यात मेणकापड जळून एक गोल डाग पडलेला, आणि चिठ्ठी इंजिनाच्या उजव्या बाजूला, तिची सावली पडत नाही. इंजिनाची सावली पडते, चिठ्ठीची नाही. अकोल्यावाल्याकडं तोच फोटो आहे, फक्त चिठ्ठीवरची तारीख वेगळी. असा फोटो तुमच्याकडं आला तर पैसे टाकू नका.