कमांड-लाइन प्रोग्रामच्या सेटिंग्जसाठी यामल की टॉमल?

कमांड-लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालणाऱ्या प्रोग्रामचे पर्याय वाढत गेले की ते एखाद्या कॉन्फिग फायलीत, म्हणजे प्रोग्राम वाचतो त्या सेटिंग्जच्या फायलीत, ठेवणे भाग पडते. कमांड-लाइनवर दिलेले मूल्य सर्वांत वरचे, त्याखाली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे नावानिशी ठेवलेले मूल्य), मग फाइल आणि शेवटी प्रोग्राममधले मूळ मूल्य, हा अग्रक्रम जेसन, आयएनआय, यामल, टॉमल यांपैकी कोणताही फॉरमॅट, म्हणजे फाइल लिहिण्याची पद्धत, घेतला तरी तोच राहतो. जेसनमध्ये टिपा लिहिता येत नाहीत, म्हणून माणसांनी हाताने भरायच्या फायलीसाठी तो मी विचारातच घेतला नाही. आयएनआय साधा आहे, पण त्यातील प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच हाती येते आणि प्रत्येकाचा प्रकार आपणच ठरवत बसावे लागते. खरी निवड उरते ती यामल आणि टॉमल यांच्यात.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत माल पाठवणाऱ्या एका बियाणे वितरकासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पावत्या छापणारा प्रोग्राम लिहिला आहे. त्याच्या फायलीत प्रत्येक जिल्ह्याचा एक विभाग असून त्यात तालुक्यांची यादी, पावत्यांचे फोल्डर आणि दूरध्वनीचा एसटीडी कोड असतो. सुरुवातीला ही फाइल यामलमध्ये होती, आणि वाचायला ती खरोखरच सुबक होती. तालुक्यांची यादी एकेका आडव्या रेघेपुढे उतरवली की काम झाले, अवतरणचिन्हांची कटकट नाही. सर्व जिल्ह्यांना समान असलेल्या सेटिंग्ज एकदाच लिहून इतरत्र त्यांचा नुसता निर्देश करण्याची सोयही यामलमध्ये आहे. टॉमलमध्ये ती नाही, आणि तिची उणीव मला अजूनही जाणवते.

यामल मला नकोसे केले ते एसटीडी कोडने. पायथनमध्ये सर्रास वापरली जाणारी यामलची लायब्ररी (तयार कोडचा संच) आजही १.१ या आवृत्तीचे नियम पाळते, आणि त्या नियमांनुसार शून्याने सुरू होणारा, ० ते ७ एवढेच अंक असलेला आकडा अष्टमान (दहाऐवजी आठच्या पायावरच्या) पद्धतीतला समजला जातो. त्यामुळे परभणीचा ०२४५२ प्रोग्रामपर्यंत १३२२ होऊन पोहोचतो, नांदेडचा ०२४६२ होतो १३३० आणि छत्रपती संभाजीनगरच्या ०२४० चे चक्क १६० होतात. बीड, धाराशिव आणि हिंगोलीचीही तीच गत. लातूरचा ०२३८२ आणि जालन्याचा ०२४८२ मात्र सहीसलामत सुटतात, कारण त्यांत ८ हा अंक आहे. तो अष्टमानात बसत नाही, म्हणून ते मजकूरच राहतात. आठपैकी दोन जिल्ह्यांच्या पावत्या बिनचूक आणि सहांच्या चुकीच्या, असे दिसल्यावर फायलीचा संशय कोणाला यावा? ना इशारा, ना एररचा संदेश. २००९ च्या १.२ आवृत्तीत अष्टमानाचा हा नियम बदलला, परंतु त्या नियमांनीही सुरुवातीचे शून्य गळून पडतेच.

कोडभोवती अवतरणचिन्हे दिली की प्रश्न सुटतो, हे मान्य आहे. अडचण अशी की यामलमध्ये बाकी कुठेच ती लागत नसल्याने फाइल भरणारा कारकून वरच्या ओळीकडे पाहून खालची ओळ लिहितो, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. वेळेचेही तसेच आहे: बॅकअपसाठी २२:३० लिहिले तर २२ गुणिले ६० अधिक ३० असे धरून त्याचे १३५० होतात, शून्याने सुरू होणारे ०८:३० मात्र जसेच्या तसे राहते.

टॉमलमध्ये मजकुराला अवतरणचिन्हे सक्तीची आहेत आणि आकड्याच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. परिणामी ०२४५२ नुसता लिहिला तर प्रोग्राम सुरूच होत नाही. ओळ आणि स्तंभ दाखवून थांबतो. संदेशात शून्याचा उल्लेख नसतो हे खरे, पण चूक कुठे आहे ते कळते, आणि माझ्या अनुभवात परभणीच्या कार्यालयातून फोनवर ‘चौथ्या ओळीत काहीतरी आहे’ एवढे सांगितले गेले तरी पुरते. शिवाय पायथन ३.११ पासून टॉमल वाचण्याची सोय भाषेतच आहे, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या संगणकावर वेगळी लायब्ररी बसवावी लागत नाही. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. अशा ठिकाणी टॉमली ही छोटी लायब्ररी सोबत द्यावी लागते. भाषेतली सोय फक्त वाचण्यापुरती आहे, हेही ध्यानात घ्यावे. प्रोग्रामनेच सेटिंग्ज बदलून लिहायच्या असतील तर वेगळा विचार करावा लागेल.

टॉमल निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. खोलवर एकात एक गुंफलेल्या सेटिंग्ज असतील तर त्यातले दुहेरी चौकोनी कंस डोक्याला ताप देतात, आणि अशा कामासाठी यामल घेणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. दुसरे असे की फायलीच्या अगदी तळाशी कोणी नवी ओळ जोडली, तर ती निमूटपणे शेवटच्या विभागात, माझ्या फायलीत हिंगोलीच्या खाती, जमा होते. यावर उपाय म्हणून मी सामाईक सेटिंग्जनाही स्वतःचा विभाग दिला आहे, आणि एखाद्या विभागात अनोळखी नाव आढळले तर प्रोग्राम त्या विभागासह ते नाव छापून थांबतो.